पियानोची गिटार

२ मार्च २००९, सोमवार. सकाळी ९.

ओलेटा आज डेटनला गेली, बहिणीकडे. अर्व्हेलाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, घरात मदत लागते. फार तर दोन आठवडे. चार बॅगा नेल्या, शिवणाचं मशीन नेलं, जाड कोट नेला, आईचा फोटो नेला. बायकांचं पॅकिंग! डिकी लावताना म्हटलं, अगं, एवढ्या सामानात माणूस अलास्काला जाऊन राहील. हसली नाही. केंटकी ते ओहायो एकटीने गाडी चालवायची, टेन्शन असणार.

नवी वही घेतली. मोठ्या कामाची नोंद असावी. ही कोणाला दाखवायची नाही.

काम असं. ओलेटाच्या आईचा पियानो. उभा, शंभर वर्षांचा. खालच्या भागात उंदरांनी संसार थाटलेला, बऱ्याच पट्ट्या मुक्या. आमच्याकडे आल्यापासून अकरा वर्षांत कोणी त्याला हात लावलेला मी पाहिलेला नाही. फेब्रुवारीत ओलेटा तीन दिवस मुलीकडे, रेनिटाकडे लेक्सिंग्टनला गेली होती, तेव्हा तो सगळा उलगडला. सरप्राइज. त्याच लाकडाची तिच्यासाठी गिटार करणार. मेलेल्या वस्तूला दुसरा जन्म.

परत आली तेव्हा रिकाम्या जागेकडे बघत उभी राहिली. म्हणाली, "बरं." मग किचनमध्ये जाऊन धुतलेली भांडी परत धुतली. आनंद फार झाला की माणसाला शब्द सुचत नाहीत.

३ मार्च

संकल्प :
सकाळी सहाला उठणे. कॉफीच्या आधी दोन तास काम.
रोज एक तरी भाजी.
ओलेटाला फोन फक्त रविवारी. तिला तिकडे काम असतं.
गिटार ९ मेपर्यंत तयार. तिचा वाढदिवस. पासष्ट.

आज पावणेनऊला उठलो. पहिला दिवस धरायचा नाही.

५ मार्च

फोन केला. काम होतं म्हणून. अर्व्हेलाने उचलला. ओलेटा अंघोळ करतेय म्हणाली. दुपारी केला, अंघोळ. संध्याकाळी केला, अंघोळ. डेटनचं पाणी चांगलं दिसतंय.

अर्व्हेला बोलता बोलता जिना चढत होती, धापा ऐकू आल्या. ऑपरेशन झालेल्या बाईने जिने चढू नयेत.

८ मार्च, रविवार

चर्चला गेलो. ओलेटा कुठे, सगळ्यांनी विचारलं. गुडघा, म्हटलं. कोणाचा, ते सांगायच्या आतच लोक मान हलवत होते. घरी आलो तर पायरीवर चिकन-नूडल्सचे झाकलेले तीन ट्रे. आमच्या खोऱ्यात घरातलं कोणी गेलं की असे ट्रे आणतात. इथे तर कोणी गेलेलं नाही. लोकांना माझ्याबद्दल आपुलकी आहे, एवढाच अर्थ.

भाजी : नूडल्समध्ये थोडे वाटाणे होते.

११ मार्च

शेडमध्ये बोटं आखडतात. बर्फ परत पडलं. शेगडीला सरपण नाही. पियानोची प्रत्येक पट्टी म्हणजे मागे पाइनची लांब काडी, शंभर वर्षं वाळलेली. काय पेटतात! गिटारीला त्यांचा काही उपयोग नाही. टाकाऊतलं टाकाऊ.

१४ मार्च

व्हर्लिन स्लोन आला होता. रोजच येतो. बादली उलटी घालून तिच्यावर बसतो आणि माझ्या कामाकडे बघतो. तीस वर्षं या रस्त्यावर टपाल वाटलं त्याने, मागच्या वर्षी रिटायर झाला. बसून राहायची सवय नाही, म्हणून माझ्याकडे येऊन बसतो.

आज पियानोचा साउंडबोर्ड साफ केला. तारांमागची ती मोठी फळी, जिच्यातून सगळा आवाज निघतो. स्प्रूसचं लाकूड. तीन ठिकाणी तडे, पण मधला भाग निरोगी. मोजपट्टी धरून मोजलं, एका इंचात बावीस रेषा. म्हणजे थंडीत, सावकाश वाढलेलं झाड. असं लाकूड आता पैसे टाकून मिळत नाही. बोटांनी धरून टिचकी मारली. बराच वेळ वाजत राहिलं. व्हर्लिन म्हणाला, "गड्या, हे तू बिघडवू नकोस."

मी त्याला आठवण करून दिली. एकतीस वर्षं कोळशाचा ट्रक चालवल्यानंतर मी आतापर्यंत सात वाद्यं केली आहेत. शाळेच्या बाकाची फिडल आहे, प्रेशर कुकरचा बँजो आहे. सगळी मोडीतून. सातांपैकी चार वाजतात.

तो म्हणाला, "आणि तीन?"

तीन निरीक्षणाखाली आहेत.

२० मार्च

व्हर्लिनने आज भलतंच काढलं. म्हणाला, सकाळी दहाला तुमच्या पेटीत पत्रं टाकायचो तेव्हा गाडीचं इंजिन बंद करायचो. पियानो ऐकायला. मी म्हटलं, कोणाचा पियानो? म्हणाला, "ओलेटाचा. दुसरा कोणाचा?"

शक्य नाही. सहा वर्षं झाली मला रिटायर होऊन, घरीच असतो.

"घरी कुठे?" म्हणाला. "शेडमध्ये असायचास. तुझा लाकूड घासायचा सँडर सुरू झाला की ती वाजवायला बसायची. थांबला की उठायची. ज्या पट्ट्या वाजत नव्हत्या, तिथे तोंडाने गुणगुणायची."

व्हर्लिनच्या रस्त्यावर दोनशे घरं होती. घोटाळा होणारच.

तरी दुपारी शेडमध्ये सँडर चालू ठेवून घरात जाऊन उभा राहिलो. दिवाणखान्यात सँडरचा आवाज बारीक घरघर येतो, बस. तिथे पियानो वाजवला तर अख्ख्या घरात ऐकू जाईल. रस्त्यापर्यंत जाईल. फक्त सँडरपाशी उभ्या असलेल्या माणसाला ऐकू येणार नाही.

परत सांगतो, दोनशे घरं.

२९ मार्च, रविवार

चार आठवडे झाले. गुडघ्याला वेळ लागतो. फोनवर आज ओलेटा स्वतः आली. हवा कशी आहे विचारलं. मी सांगितली. तिकडची विचारली. तीच. मग म्हणाली, "बरं तर, डेन्झिल." चांगलं बोलणं झालं.

३ एप्रिल

गिटारीच्या पाठीला आणि कडांना अक्रोडाचं लाकूड हवं. पियानोच्या पेटीवर अक्रोड दिसतो, तो नुसता वरचा पापुद्रा निघाला. फसवणूक. खरा, भरीव अक्रोड घरात एकाच ठिकाणी आहे. आमच्या पलंगाला, उशाकडची फळी.

एकट्या माणसाला उशाशी फळी कशाला?

दांडीला मेपल हवं, तेही पलंगातच सापडलं, बाजूच्या पट्टीत. गादी जमिनीवर टाकली. पाठीला उत्तम. डॉक्टर लोक पैसे घेऊन हाच सल्ला देतात.

८ एप्रिल

अक्रोडाच्या पातळ फळ्या चिरून आणल्या. पाण्यात भिजवून गरम पाइपवर वाकवायच्या. गिटारीच्या कमरेच्या वळणावर पहिली मोडली. हवेत ओल फार. दुसरी मोडली. व्हर्लिन मध्येच बोलला. तिसरी मोडली तेव्हा व्हर्लिन नव्हता आणि ऊन पडलेलं होतं. अक्रोडच वाईट.

चौथी वाकली. एवढी सुबक वाकली की कोणाला तरी दाखवायला घरात गेलो. दारातून परत आलो.

१२ एप्रिल, ईस्टर

ओलेटाचा फोन! तिने आपणहून केला! मी उचलायला इतका धावलो की अंगठा चौकटीवर आपटला, नख काळं पडलंय. दुखत नाही.

म्हणाली, "एक विचारायचं होतं. पियानोच्या पट्ट्या टाकल्या नाहीस ना? मधल्या निदान ठेव. माझ्या आईच्या बोटांनी झिजल्यात त्या. पांढऱ्यावर खळगे आहेत बघ, हात लावलास तर कळतील."

मी म्हटलं, सगळ्या नीट आहेत. एकूण एक.

म्हणाली, "खरंच?" तिचा आवाज बदलला. फार दिवसांनी असा आवाज ऐकला. म्हणाली, "मला वाटलं नव्हतं रे. थँक यू, डेन्झिल."

मग शेडमध्ये गेलो. शेगडीजवळची पट्ट्यांची बादली ओतली. पांढऱ्या पट्ट्या बावन्न असतात. बादलीत नऊ.

नऊ म्हणजे अगदीच काही नाही असं नाही.

१५ एप्रिल

उपाय सापडला. पाइनच्या त्रेचाळीस पट्ट्या कापायच्या. वर पांढरा प्लास्टिकचा पत्रा, कॉफीत बुडवून पिवळा करायचा. बारीक सँडपेपर अंगठ्यावर गुंडाळून खळगे पाडायचे. पाच केल्या. खऱ्यांमध्ये मिसळल्या तर मलाच ओळखू येईनात. जुन्याचं नवं कोणीही करेल, नव्याचं जुनं करायला हात लागतो.

१६ एप्रिल

सहावीवर खळगा पाडत होतो. व्हर्लिन आला. काय करतोयस, विचारलं. मी सांगितलं. सगळं, फोनसकट. तो बादलीवरून उठला, टोपी घातली आणि गेला. काही बोलला नाही. एरवी त्याचं तोंड बंद करायला मला रेडिओ लावावा लागतो.

सहाही पट्ट्या शेगडीत घातल्या. आता काही तेवढी थंडी नाही.

व्हर्लिन चार दिवस येणार नाही असं वाटतं. बादली जागेवर ठेवली आहे.

२३ एप्रिल

व्हर्लिन आला. दोघंही पट्ट्यांबद्दल बोललो नाही. साउंडबोर्डच्या स्प्रूसचे दोन तुकडे पुस्तकासारखे उघडून सरसाने जोडले, ते त्याने धरून ठेवले. अर्धा तास न हलता. रंध्याने उतरवत उतरवत फळी इतकी पातळ केली की उन्हात धरली तर बोटांची सावली दिसते.

घाई नाही. हे एक काम नीट करायचं. सँडर वापरत नाही. हाताने घासतो. शांत असतं.

४ मे, सोमवार

तारा चढवल्या. सूर लावला. हात फिरवला.

कसं लिहू? माझ्या सात वाद्यांपैकी जी चार वाजतात, ती वाजतात म्हणजे आवाज येतो. हे तसलं नाही. ही बोलली. खालची तार छेडली तर शेडच्या खिडकीची काच थरथरली.

व्हर्लिन म्हणाला, "हे तू केलंस?" तीनदा म्हणाला. तिसऱ्यांदा जरा अपमान वाटला. मग बघितलं तर त्याचे डोळे भरले होते, म्हणून सोडून दिलं.

आता ती येणार. अशी गिटार मिळाल्यावर कोण बहिणीच्या गुडघ्यापाशी बसून राहील?

९ मे, शनिवार. सकाळी ७.

निघतोय. न कळवता. केस कापून घेतले. निळा शर्ट, इस्त्री स्वतः केली, कॉलरवर थोडा करपला, पण जॅकेटखाली दिसत नाही. नऊ पट्ट्या पायमोज्यात घालून खिशात. गाडीची मागची सीट तिच्या बॅगांसाठी मोकळी केली. चार बॅगा आणि मशीन, बरोब्बर बसतात. मोजलं.

१० मे

परत आलो. लिहायला वेळ नाही.

१२ मे

लिहून टाकतो.

अर्व्हेलाने दार उघडलं. अक्षरशः धावत आली दाराशी, गुडघा घोड्यासारखा. मला बघून म्हणाली, "अरे देवा." मग म्हणाली, ओलेटा इथे राहत नाही. पंधरा मार्चपासून नाही. कागदावर पत्ता लिहून दिला, दोनच गल्ल्या पलीकडे. "आधी फोन कर तिला, डेन्झिल. माझं ऐक." मी म्हटलं, सरप्राइज आहे.

वयस्कर लोकांच्या इमारतीत तळमजल्यावर एक खोली आणि किचन. ओलेटाने दार उघडलं. नवा चष्मा आहे. माझ्याकडे बघितलं, गिटारीच्या केसकडे बघितलं. म्हणाली, "आत ये."

खिडकीत फुलझाड. शिवणाचं मशीन. दोन खुर्च्या, टेबल. एक भिंत मात्र पूर्ण रिकामी, खिळासुद्धा नाही. मला बरं वाटलं. मन रमलं नसलं की माणूस सामान घेत नाही. बोललोही तसं. "भिंत रिकामीच ठेवलीस." ती म्हणाली, "हो."

वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. गिटार काढली. स्प्रूस, रेषा, सरस, वाकवलेल्या कडा, सगळं समजावून सांगितलं. वीसएक मिनिटं बोललो असेन. तिने ऐकून घेतलं. मग मांडीवर घेतली आणि अंगठा सगळ्या तारांवरून एकदा फिरवला. खोली भरून गेली. तिने तळहात लाकडावर ठेवला आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत उचलला नाही.

म्हणाली, "छान झालीय. खरंच, डेन्झिल. एवढं चांगलं तुझ्या हातून कधी झालं नव्हतं."

मी म्हटलं, मग चल घरी.

ती म्हणाली, "पट्ट्या आणल्यास?"

पायमोजा टेबलावर रिकामा केला. तिने एकेक उचलून अंगठा फिरवून बघितली आणि ओळीने मांडल्या. दोन पट्ट्यांच्या मध्ये मोकळी जागा सोडून मांडत होती, हरवलेल्यांसाठी. मग जागा सोडणं बंद केलं, नऊही जवळ सरकवल्या.

"बाकीच्या?"

मी म्हटलं, "मार्चमध्ये फार थंडी होती."

ओरडेल म्हणून मी तयार होतो. ओहायोची हद्द लागल्यापासून उत्तरं जुळवत होतो. ती ओरडली नाही. कॉफी केली.

मग म्हणाली, "मी पियानोमुळे नाही आले." माझ्या अंगातून केवढं ओझं उतरलं! मग म्हणाली, "या जागेसाठी मी सप्टेंबरातच नाव घातलं होतं. फेब्रुवारीत तुला सांगितलं रेनिटाकडे जाते, पण इथे सही करायला आले होते. पियानो आणायला माणसं ठरवली होती. एकवीस तारखेला येणार होती." भिंतीकडे बघत होती. "माप घेऊन ठेवलं होतं."

तेव्हा आठवलं. वीस तारखेला कोणा माणसाचा फोन आला होता, दाराला पायऱ्या किती म्हणून. मी राँग नंबर सांगून ठेवून दिला होता.

मी विचारलं, मग का? पियानोमुळे नाही, तर का?

तिने पुष्कळ विचार केला. म्हणाली, "मागच्या ऑगस्टमध्ये मी आजारी होते. तीन दिवस अंथरुणात. तू शेडमधून यायचास, खायला काय आहे विचारायचास. मी म्हणायचे, बघ काय सापडतं ते. उभ्या उभ्या काहीतरी खायचास आणि परत जायचास. रागात नाही हं. खुशीत असायचास. शीळ घालत जायचास."

मी म्हटलं, कधी? मला आठवत नाही.

ती म्हणाली, "तेच."

नंतर अर्व्हेला केक घेऊन आली. तिघांनी खाल्ला. मी दोन तुकडे खाल्ले. निघताना ओलेटाने गिटार केसमध्ये ठेवली, कडी लावली, माझ्या हातात दिली. म्हणाली, "इथे कोण वाजवणार? मला येत नाही. तुलाही येत नाही."

एकेचाळीस वर्षं झाली लग्नाला. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

मागची सीट रिकामीच आली.

१६ मे

पियानो परत बांधता येईल का? लोखंडी चौकट अंगणात आहे. तारा आहेत. हातोड्या एका खोक्यात आहेत. व्हर्लिनला विचारलं. "नाही," म्हणाला. इतक्या पटकन तो कशालाच उत्तर देत नाही.

संकल्प : सहाला उठणे.

२० मे

रेनिटाचा फोन. सहा जूनला जावई ट्रक घेऊन येईल, आईचं राहिलेलं सामान न्यायला. "पप्पा, आईला विचारून यादी करून ठेवशील का?" मी म्हटलं, तिलाच पाठव ना त्याच्याबरोबर, तिला माहीत आहे कुठे काय आहे ते.

"पप्पा, ती येणार नाही."

मी म्हटलं, सहा तारखेला येणार नाही, की?

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. लाइन खराब होती.

२२ मे

ओलेटाला फोन केला. यादीसाठी. या वेळी तिनेच उचलला. आज फक्त कपाट. रजया कोणत्या, टोप्या कोणत्या. नऊ मिनिटं झाली. निळी रजई कोणाची, मला माहीतच नव्हतं. तिच्या आजीची. आजीबद्दल दोन मिनिटं सांगितलं.

२५ मे

आज वरचा माळा. सतरा मिनिटं. ख्रिसमसच्या खोक्यात एक मेणाचा पक्षी आहे, तो कुठला, तिने सांगितलं. आम्हीच घेतला होता म्हणे, लग्नाच्या वर्षी, जत्रेत. मी पाऊस पडत होता का विचारलं. होता.

२९ मे

पलंगाचं विचारलं. म्हणाली, "तो राहू दे. तू कशावर झोपशील?" मी म्हटलं, खरंय.

आज एकवीस मिनिटं. यादीत चारच वस्तू झाल्या. मी सावकाश लिहितो.

२ जून

व्हर्लिनने विचारलं, सध्या काय बनवतोयस. काही नाही, म्हटलं. यादी करतोय. तो म्हणाला, इतके दिवस? मी म्हटलं, घर मोठं आहे. त्याने घराकडे बघितलं. तीन खोल्या.

५ जून, शुक्रवार. संध्याकाळी ६.

उद्या ट्रक. सगळी खोकी बांधली, प्रत्येकावर तिचं नाव घातलं. फक्त किचन राहिलं होतं. मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं.

फोन केला. एकेक भांडं हातात घेऊन विचारलं. मोठं पातेलं? पाठव. चाळणी? पाठव. कपांचं कसं करायचं? चार इकडे, दोन तिकडे. लाटणं, झारा, मापाचे चमचे. चिमटा राहिला, म्हटलं. "चिमटा झाला मघाशी," म्हणाली. मग काही उरलं नाही. ओट्यावर फक्त बिडाचा काळा तवा. तो तिच्या आईचा, हे मला माहीत आहे. म्हटलं, हा पेपरात गुंडाळतो.

म्हणाली, "तो ठेव तू. मक्याचा ब्रेड कशात करशील?"

मी म्हटलं, मला करता येत नाही.

मग तिने सांगितलं. तवा आधी चरबी घालून ओव्हनमध्ये कडक तापवायचा. दोन वाट्या मक्याचं पीठ, ताक, एक अंडं, मीठ. साखर अजिबात नाही. तव्यावर ओतलं की चर्र आवाज आला पाहिजे. नाही आला, तर तवा तापलेला नाही. वीस मिनिटं.

"कळलं?" म्हणाली.

मी म्हटलं, नाही, परत सांग.

तिने पहिल्यापासून परत सांगितलं. तवा, चरबी, पीठ, ताक, अंडं, मीठ. तेवढ्याच सावकाश. मग म्हणाली, "बरं तर, डेन्झिल." आणि फोन ठेवला.

मला पहिल्याच वेळी कळलं होतं.